वळकटीची तिसरी घडी

१२ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकशील, ते मला माहीत आहे. टाक, पण भावोजींना बोलू नकोस. पत्ता त्यांनी दिला खरा, पण मीच त्यांच्या मागे लागले होते. ते फोनवर सांगत होते की पेपरात आमच्या कारखान्याचा फोटो आला होता. त्यात मी पांढऱ्या टोपीत, तोंडाला पट्टी लावून उभी होते, तरी तू नुसत्या भुवयांवरून मला ओळखलंस आणि पान दुमडून कपाटात ठेवलंस. एकोणीस वर्षांत तुझ्याकडची एवढीच खबर. मला तेवढी पुरली.

फोटोत माझ्या मागे जो गुंडाळलेला पांढरा गठ्ठा दिसतो, ते आमचं काम. पेपरवाल्यांनी त्याला ‘अंतराळातलं फुगणारं घर’ म्हटलंय. आमच्या मोठ्या साहेबांना ते अजिबात आवडलेलं नाही. फुगा म्हटलं की लोकांना आधी टाचणी आठवते, असं त्यांचं म्हणणं. कागदोपत्री त्याचं नाव ‘निवास’. आम्ही घडी विभागातली माणसं त्याला वळकटी म्हणतो, कारण ते तसंच दिसतं, पाहुणे गेल्यावर गुंडाळून भिंतीला लावलेल्या गादीसारखं.

तुला कापडातलं कळतं म्हणून सांगते. वरच्या अंतराळस्थानकाला नवी खोली जोडायची, तर पत्र्याची खोली रॉकेटच्या पोटात मावेल एवढीच करता येते. कापडाची खोली घडी घालून नेता येते. तिथे नेऊन दाराला जोडायची आणि हवा सोडायची, की गठ्ठ्याच्या चौपट मोठी खोली होते. आमची ही पहिलीच, नुसती परीक्षेसाठी. दोन वर्षं वर राहील. तिथले अंतराळवीर अधूनमधून आत शिरून हवा किती टिकली, भिंतीला बाहेरून खडे लागले का, ते बघतील. टिकली तर पुढे माणसं राहण्याजोगी खोली करायची. नाही टिकली तर कंपनीला कुलूप आणि आम्ही सव्वाशे माणसं घरी.

भिंतीचे थर बरेच आहेत. सगळ्यात आत हवा धरणारी पिशवी, तिच्यावर विणलेल्या पट्ट्यांची जाळी, आणि बाहेर जाड आवरणं. ताण सगळा त्या पट्ट्या घेतात. त्यांच्या जोडावरची शिवण तू बघायला हवी होतीस, नखसुद्धा शिरत नाही. ती माझी नाही. मी शिवत नाही आता, घड्या घालते. पॅराशूटच्या कारखान्यात अकरा वर्षं घड्याच घातल्या, म्हणून इथे घेतलं. सगळे घडीबाई म्हणतात. हाताखाली तिघं आहेत. त्यातले मास्तर वयाने माझ्याहून बरेच मोठे, पूर्वी नाटक कंपनीत कपडे शिवायचे. जूनमध्ये निवृत्त होतील. त्यांचा एक कान गेलाय, त्यामुळे सांगितलेलं काम दोनदा विचारून एकदाच करतात, आणि चोख करतात.

एकूण अकरा घड्या. नऊ दिवस लागले. तिसऱ्या घडीने जरा रडवलं, पण बसली. मे महिन्यात वळकटी बांधून तयार होती आणि सप्टेंबरात जायची होती. रॉकेटवाल्यांच्या अडचणी निघत गेल्या, आता मार्च म्हणतात. तोवर ती बिचारी तशीच आवळलेली पडून आहे.

बाकी माझं ठीक. गुडघा कुरकुरतो. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. लिफ्ट आहे, ती पण कुरकुरते.

जुन्या गोष्टीबद्दल मला काही लिहायचं नाही. तुलाही वाचायचं नसेल.

धाकटी


६ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही, ते अपेक्षितच होतं. तरी लिहिते.

वळकटी काल सकाळी गेली. आम्हाला सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून मोठ्या पडद्यावर दाखवलं. रॉकेट उडालं तेव्हा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर मात्र खुर्चीची कड धरून बसले होते. नंतर म्हणाले, “एवढे धक्के? आपण तर तिला तान्ह्या पोरासारखी निजवली होती.” परवा ती स्थानकाला पोचेल, तिथला यांत्रिक हात तिला उचलून दाराला लावेल. मग आठवडाभर गळती वगैरे तपासतील आणि पुढच्या आठवड्यात हवा सोडतील.

टाळ्या वाजत असताना मला आपली आई आठवली. तिच्या शेवटच्या दिवसांत आपण दोघी दवाखान्याच्या एका खोलीत तीन दिवस होतो. त्या तीन दिवसांत तू मला “चहा घेतेस का” एवढंच विचारलंस आणि मी “नको” म्हणाले. मला हवा होता. खूप हवा होता. का नाही म्हणाले, ते मला नीट सांगता येणार नाही.

धाकटी


१९ मार्च

ताई,

टीव्हीवर बघितलंच असशील. वळकटी उघडली नाही.

सोमवारी सकाळी अंतराळवीराने झडप उघडली आणि हवा सोडली. दोन तासांत ती पूर्ण उघडायला हवी होती. हातभर पुढे आली आणि थांबली. आतला दाब वाढत राहिला, पण कापड हलेना. ठरलेल्या आकड्याशी दाब पोचला तेव्हा झडप बंद करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग हवा काढून घेतली.

टीव्हीवाले ‘फुसका बार’ म्हणतायत. तसं नाही. कुठे फाटलेलं नाही, गळती नाही. कापड दहा महिने एकाच जागी दाबून राहिलं की एकमेकांना धरून बसतं. थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आम्ही प्रत्येक घडीत गुळगुळीत सरकपट्टी घालतो, कापडाच्या दोन थरांमध्ये. पट्टीवरून थर सरकतात. मग चिकटले कुठे आणि का, हेच कोडं आहे.

चौकशी बसली आहे. नऊ दिवसांच्या घड्यांचं सगळं चित्रण काढून बघतायत. प्रत्येक घडीच्या कागदावर खाली माझी सही आहे, ‘तपासले, ठीक’.

मला दोन दिवस जेवण जात नाही. सगळ्यांचंच तसं आहे म्हणा.

धाकटी


२४ मार्च

ताई,

आज चौकशीत मास्तरांना दोन तास बसवलं. सरकपट्ट्या घालण्याचं काम त्यांचं होतं. चित्रणात तिसऱ्या घडीच्या वेळी कॅमेऱ्यासमोर नेमकी माझी पाठ येते, त्यामुळे पट्टी नीट दिसत नाही. एका तरुण इंजिनिअरने मास्तरांच्या डोळ्यांचे जुने तपासणीचे कागद शोधून काढले. त्यांना डोळ्यांत थेंब घालावे लागतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आता त्याचाच मोठा शोध लागल्यासारखं चाललंय.

मास्तर बाहेर आले तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते. “काय विचारलं?” म्हटलं.

“विचारलं, पट्टी घातली होती का. मी म्हणालो, घातली. मग म्हणाले, दिसत होतं का नीट. आता काय सांगू? दहा महिने झाले. तेव्हा मला वाटलं की दिसतंय.” मग निघता निघता म्हणाले, “राहिलीही असेल, घडीबाई. म्हाताऱ्याचं काय सांगावं.”

मी त्यांच्या डब्याची पिशवी माझ्या हातात घेतली आणि बसपर्यंत सोबत गेले.

आता सगळ्याच घड्यांवर संशय आहे. मास्तर एक पट्टी विसरले तर आणखी चार विसरले असतील, असा हिशेब. म्हणून ठरलंय की उद्या दुपारी दोन वाजता पूर्ण जोराने हवा सोडायची, मर्यादेच्या अगदी काठापर्यंत. कापड सगळीकडे थोडं थोडं धरून बसलं असेल तर जोराने सुटेल. एकाच ठिकाणी घट्ट धरून बसलं असेल तर तिथे आतली पिशवी फाटेल, पण तशी शक्यता त्यांना वाटत नाही.

हे मी तुला का सांगतेय? तू म्हणशील, तुझ्या कारखान्याचं तू बघ. बघते.

धाकटी


२६ मार्च

ताई,

हे पत्र लांब होईल. बसून वाच.

काल सकाळी साडेआठला मी मुख्य इंजिनिअर बाईंच्या खोलीत गेले. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान, सरळ बोलणाऱ्या, रागावल्या की आवाज आणखी खाली आणणाऱ्या. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, “मास्तरांनी पट्टी घातली होती. मी कापली.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “किती?”

“एक वीत. तिसरी घडी, दाराकडची बाजू. घडी पलटताना पट्टी चुरगळली आणि तिथे गाठ येत होती. मास्तर डोळ्यांत थेंब घालायला बाहेर गेले होते. मी चुरगळलेला तुकडा कात्रीने कापून काढला आणि घडी बसवली.”

“म्हणजे तिथे पट्टीच नाही.”

“नाही.”

“तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“दोन दिवसांचं काम उलगडावं लागलं असतं. बांधणीवाल्यांची तारीख आधीच ठरलेली होती, ती चुकली असती.”

“मग उलगडलं असतं,” त्या म्हणाल्या.

एवढंच. मला वाटत होतं, त्या ओरडतील. हे वाक्य त्याहून वाईट होतं, कारण ते खरं होतं आणि इतकं सोपं होतं.

मग त्यांनी मला ओढतच घडीच्या खोलीत नेलं. सरावाचं कापड काढून मी तीच घडी घातली, पट्टी वीतभर कमी ठेवून. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी ओढून बघितलं. जोराने ओढलं की नेमकं तिथे कापड ताणून पांढरं पडायचं. मी म्हटलं, “बाई, हे जोराने सुटणार नाही. जुन्या घडीला वेळ द्यावा लागतो. थोडी हवा सोडा, थांबा, कापडाला सैल पडू द्या, परत थोडी सोडा.” त्यांनी घड्याळ बघितलं आणि फोन उचलला. दोनची वेळ रद्द झाली.

आज सकाळी नऊ वाजता नव्या पद्धतीने सुरू केलं. मला नियंत्रण कक्षात मागच्या खुर्चीवर बसवलं आणि कानाला हेडफोन दिले. वर अंतराळवीराने भिंतीला माइक लावला होता. घड्या जागेवर राहाव्यात म्हणून आम्ही ठिकठिकाणी कच्चे टाके घातलेले असतात. कापड उघडायला लागलं की ते आपोआप तुटतात आणि त्यांचा तट तट असा आवाज येतो. झडप चार सेकंद उघडायची, मग दहा मिनिटं बंद. पहिल्या सहा वेळा काहीच नाही. सातव्यांदा एक टाका तुटला. आठव्यांदा तीन. बाई दर वेळी मागे वळून माझ्याकडे बघायच्या आणि मी मान हलवायचे, की अजून नाही. तिसऱ्या घडीत बावीस टाके होते, मीच घातले होते. चौदाव्यांदा ते एका दमात माळ तुटल्यासारखे गेले. मी म्हटलं, “सुटली.” एकविसाव्या वेळी दुपारी साडेबाराला वळकटी पूर्ण उघडली. आता ती वर गोल, मोठी आणि टणक आहे.

खोलीत सगळे उभे राहिले. मी बसल्या बसल्या हेडफोन काढून ठेवले.

ताई, आता दुसरं. हे मी एकोणीस वर्षं लांबवलं, आणखी एक ओळ लांबवत नाही.

आपल्या शिवणाच्या दुकानात आपण दोघींनी शिवलेली, हवा भरून फुगवायची ती हिरवी घसरगुंडी. तुझी बाजू तुला माहीत आहे. मैदानात मुलांचा मेळा होता, सकाळी तू सगळी तपासली होतीस, दुपारी डाव्या भिंतीची शिवण उसवली, भिंत बसली आणि ती सहा वर्षांची मुलगी वरून खाली आली. तिचं कोपर मोडलं. तिच्या आईने सगळ्यांदेखत तुझा दंड धरला आणि तू म्हणालीस, “तपासणी माझी होती.” मग दुकान बंद झालं. तू यंत्रं विकलीस आणि पुन्हा कधी सुईला हात लावला नाहीस. भावोजी सांगतात, तू शर्टाचं बटणसुद्धा बाहेर लावायला देतेस.

आता माझी बाजू. ती शिवण मी घातली होती. दुहेरी घालायची होती. शेवटच्या हातभर जागेत खालचा दोरा संपला. घसरगुंडी मेळ्याला न्यायची गाडी दारात उभी होती. मी बॉबिन बदलली आणि उरलेली शिवण एकेरीच मारली, आणि वरून पट्टी लावून टाकली. पट्टीखाली काही दिसत नाही. तू बरोबर तिथेच बोट ठेवून विचारलं होतंस, “दुहेरी घेतलीस ना?” मी म्हणाले, “हो.”

तुझी तपासणी चुकली नव्हती, ताई. तू जे विचारायला हवं तेच विचारलंस. मी खोटं बोलले. उसवलेली भिंत मीच गोळा करून नेली आणि तो तुकडा कापून जाळला.

मी दोन महिन्यांत गाव सोडलं तेव्हा तू म्हणालीस, “माझ्या चुकीची एवढी लाज वाटते, तर जा.” मी ते तसंच राहू दिलं. मला ते सोयीचं होतं.

परवा मास्तर “राहिलीही असेल” म्हणाले ना, तेव्हा मला कळलं, तुझं काय झालं असेल ते. लोक बोलले ते एक. पण तुला तुझ्याच बोटांचा भरवसा राहिला नाही, आणि तो मी घालवला.

माफ कर असं मी लिहीत नाही. ते मागण्याचा माझा हक्क नाही. तुला माहीत असावं, म्हणून लिहिलं.

धाकटी


९ एप्रिल

ताई,

तुझं काही आलं नाही. मी रोज खालच्या पेटीत बघते. पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवून ‘नाही’ सांगतो.

इकडचं कळवते. मला काढलं नाही. बाई म्हणाल्या, वेळेवर सांगितलंत म्हणून वळकटी वाचली आणि वेळेवर सांगितलं नाहीत म्हणून अडकली, दोन्ही लिहिणार. दोन्ही लिहिलं. घडीच्या कागदावर आता माझी सही चालणार नाही. घड्या घालायच्या, पण तपासणी दुसऱ्या कोणाची. ते योग्यच आहे. गंमत म्हणजे तपासणीला आलेली मुलगी इतकी कडक आहे, की मी हातमोजा बदलला तरी विचारते का बदलला. मला ती आवडायला लागली आहे.

मास्तर माझ्याशी बोलत नव्हते. मला वाटलं होतं, त्यांच्या डोक्यावरचं खापर उतरलं, ते बरं म्हणतील. आठवड्याने मी त्यांच्या टेबलाजवळ गेले आणि म्हटलं, “मास्तर, काहीतरी बोला.”

ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, “त्या दिवशी मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, माझ्याने आता काम होत नाही, मी उद्या राजीनामा देतो. ती रडली. तू मला बसपर्यंत सोडायला आली होतीस, पिशवी धरून. तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“तेच मला समजत नाही. खोटं बोललीस ते समजतं. पिशवी का धरलीस?”

त्याचा मी अजून विचार करते. बहुतेक माझं मलाच बरं वाटावं म्हणून.

आता कामापुरतं बोलतात. दोनदा विचारतात, एकदा करतात, तसंच.

वर सगळं ठीक आहे. पहिल्यांदा अंतराळवीर आत शिरली तेव्हा म्हणाली, नव्या तंबूत शिरल्यासारखा वास येतो. तिने भिंतीवर हात टेकला आणि म्हणाली, “दगडासारखी आहे.” हवा तसूभरही कमी झालेली नाही.

धाकटी


१२ मे

ताई,

तुझं कार्ड मिळालं. चार वेळा वाचलं. चारच ओळी आहेत, म्हणून पाठ झालं. ‘पत्रं मिळाली. वाचली. ती मुलगी आणि तिची आई अजून तिथेच राहतात, बस थांब्यासमोर इस्त्रीचं दुकान आहे. मला सांगून झालं, आता त्यांना सांग.’ खाली सहीसुद्धा नाही. मला तुझं अक्षर बदललेलं वाटलं. पूर्वी मोठं काढायचीस.

मी परवा शनिवारी गेले. सकाळची बस धरली, अकराला पोचले. दुकान लहान आहे, एक टेबल, मागे दांडीवर टांगलेले शर्ट. ती बाई साठीची असेल. चष्मा, मनगटाला पट्टा, उभी राहून इस्त्री करत होती. मला गिऱ्हाईक समजून म्हणाली, “उद्या मिळतील.”

मी म्हटलं, “कपडे नाहीत. हिरव्या घसरगुंडीबद्दल सांगायला आले आहे.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. बसायला सांगितलं नाही. मीही बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. दोरा संपला, एकेरी मारली, ताईने विचारलं, मी हो म्हणाले. एक गिऱ्हाईक आलं, त्याचे कपडे तिने न बोलता दिले, ते गेलं, मी पुढे सांगितलं.

सगळं ऐकून ती म्हणाली, “मग ती दुसरी? जिचा मी हात धरला होता?”

“ती माझी मोठी बहीण. तिची काही चूक नव्हती.”

“ती म्हणाली होती, तपासणी माझी.”

“तिला तसंच वाटत होतं. अजूनपर्यंत वाटत होतं.”

मग बराच वेळ ती शर्टाची कॉलर सरळ करत राहिली. ती सरळच होती. आणि मग म्हणाली, “मुलीचं दुसरं ऑपरेशन झालं, त्या आठवड्यात तुमची बहीण मला बाजारात भेटली होती. मुलीची चौकशी करायला जवळ आली. मी तिच्या तोंडावर थुंकले. चार लोक बघत होते. तिने पदराने तोंड पुसलं आणि निघून गेली. तुम्हाला सांगितलं असेल ना तिने.”

नाही सांगितलंस, ताई. तू कोणालाच सांगितलं नाहीस. मी तेव्हा गावातच होते, त्याच घरात, शेजारच्या खोलीत.

मी तिच्यासमोर रडले नाही. तिथे रडण्याचा मान माझा नव्हता. ती मला काय म्हणाली, ते सगळं इथे लिहीत नाही. बरंच म्हणाली, आवाज न चढवता, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं.

तेवढ्यात मुलगी आली, आईचा डबा घेऊन. मुलगी म्हणजे आता पंचवीस वर्षांची बाई, पुढच्या चौकात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही, डबा उजव्या हातात होता. आईने तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

“शिवण कोणी घातली, याचा मी कधी विचारच केला नाही,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मी कडेला गेले म्हणून पडले. आई शंभर वेळा सांगायची, कडेला जाऊ नको.”

“तू कडेला गेली असतीस तरी पडायला नको होतीस,” मी म्हटलं. “भिंत त्यासाठीच असते.”

तिने मान हलवली. मग विचारलं, “आता काय करता तुम्ही?” मी वळकटीचं सांगितलं. तिला माहीत होतं, बातम्यांत बघितलं होतं. म्हणाली, “त्यात माणसं राहणार पुढे?”

“हो.”

“नीट तपासतात ना?”

“तपासतात. मी नाही, दुसरे लोक.”

“बरं आहे,” ती म्हणाली, आणि आईला म्हणाली की डबा गरम आहे तोवर खा. मला पाणी दिलं. ते मी प्यायले.

निघताना बाईने मला थांबवलं आणि तुझा पत्ता मागितला. तिला तुझ्याकडे यायचं आहे. म्हणाली, “मला तिच्यासमोर उभं राहायचंय. फोनवर नको.” मी पत्ता दिला नाही. म्हटलं, तिला विचारल्याशिवाय तिच्या वतीने काही करायचं नाही, असं ठरवलंय. ती म्हणाली, “विचारा मग. मी थांबते.”

म्हणून विचारते. तिचं दुकान रविवारी बंद असतं. बसने तुझ्याकडे यायला तिला चार तास लागतील. यायच्या आधी भावोजींच्या फोनवर कळवेल. मी तिच्यासोबत येणार नाही. मला कधी बोलावलंस तर वेगळी येईन, आणि नाही बोलावलंस तर त्यावर काही लिहिणार नाही.

पोस्टाचं तिकीट लावलेलं कार्ड सोबत ठेवलं आहे. त्यावर फक्त हो किंवा नाही लिही. नाही म्हणालीस तर तेही मीच जाऊन तिला सांगेन.

धाकटी